मागे बसवलेला आवाज

कोजागिरी उलटली की आमच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून बंद व्हायला लागतात. थंडीमुळे नव्हे, थंडी अजून लांब असते, दुपारी तर अंगाची काहिली होत असते. खिडक्या बंद होतात त्या वासामुळे. दुपारनंतर वारा सुटला की डहाणूच्या खाडीकडच्या खळ्यांवरून वाळत्या बोंबलांचा वास गावभर फिरतो. घरात येतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो. वरच्या मजल्यावरचे शेजारी सज्जन आहेत. जिन्यात भेटले की हसून म्हणतात, "सुरू झाला बघा तुमचा सीझन." मीही हसतो. आयुष्यभर मी अशा वेळी हसतच आलो आहे.

यंदा मात्र मी खिडकी उघडी ठेवली आहे. मोठं शौर्य केलं असा त्याचा अर्थ नाही. खिडकी लावून घेण्याचा माझा अधिकार गेल्या वर्षी याच दिवसांत संपला, एवढंच.

आम्ही मांगेले, किनाऱ्यावरचे मच्छीमार. माझं गाव चिखले, डहाणूहून बोर्डीकडे जाताना वाटेत लागणारं. किनाऱ्याला सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडे वाळूत रोवलेले बांबू, बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या. या सगळ्या मांडणीला वलांडी म्हणतात, आणि त्या वाळवणाच्या जागेला खळं. ताजा बोंबील म्हणजे नुसतं पाणी, हातात धरावा तर निसटतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. माझी आय हे काम बोलता बोलता करते. बोलता बोलता म्हणजे ओरडता ओरडता. खळ्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी बोलणार, मध्ये वारा, लाटा, कावळे, कुत्री. तिथे हळू बोलणारीला कोणी विचारत नाही. आयचा आवाज त्या सगळ्यांत वरचा. उंच, बारीक आणि धारदार.

मी नववीत असताना एकदा दिवाळीच्या तोंडावर भर दुपारी आभाळ भरून आलं. बायका जेवायला घरी गेलेल्या, खळ्यावर एकटी आय. भिजला की सुका गेला, किडे पडतात, तो कोंबड्यांच्या खाद्यालाही जेमतेम चालतो. आय जागची हलली नाही. तिथूनच तिने हाक दिली, "पाऊस आला गेऽऽ, धावाऽऽ!" मी घरात ताटावर बसलो होतो. भिंतीतून, कौलातून तो आवाज आत आला. आमच्या आळीतली प्रत्येक बाई उष्ट्या हाताने धावली. त्या वर्षी आळीतला एकही बोंबील भिजला नाही. हे मला चांगलं आठवतं, आणि तरी पुढे मी जे वागलो ते वागलोच.

पुढे मी शिकलो आणि तलासरीच्या एका कचेरीत कारकून झालो. कचेरीत मला पहिली गोष्ट कळली ती अशी की साहेबांच्या खोलीत जो हळू बोलतो तो हुशार ठरतो. मी हळू बोलायला लागलो. इतका हळू की अर्ज घेऊन येणाऱ्या पाड्यावरच्या माणसांना माझ्या टेबलावर ओणवं व्हावं लागायचं. एकदा आय सुक्या मांदेल्यांची पिशवी घेऊन तिथे आली आणि व्हरांड्यातून तिने "दामूऽऽ" अशी हाक दिली. सगळ्या खुर्च्या वळल्या. मी धावत बाहेर गेलो, तिला दंडाला धरून पिंपळाखाली नेलं आणि म्हणालो, "आय, हळू. हे काय खळं आहे?" ती म्हणाली, "हळूच बोलतेय रे!" आणि तेही सगळ्या कचेरीला ऐकू गेलं.

त्याच कचेरीतल्या एका वरिष्ठांच्या घरी मी पहिल्यांदा चांगल्या यंत्रावर गाणं ऐकलं. बासरी चालू होती आणि वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. त्या दिवसापासून मला हे वेड लागलं. हळूहळू एक जुना पण दणकट अॅम्प्लिफायर आला, सीडी प्लेअर आला, स्पीकरची जोडी आली. बायको मंदा शाळेत शिकवते. ती या सगळ्याला 'सवत' म्हणायची. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, सवत राहिली.

निवृत्त झालो आणि दिवसभर घरी ऐकत बसायला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी सिस्टीम टोचते. नोकरीत असताना अर्धा तास ऐकायचो, तेव्हा जाणवलं नव्हतं. आता दोन तासांनी कान शिणायचे. गाणारी बाई 'सखी' म्हणाली की त्यातला 'स' सुईसारखा यायचा. झांज वाजली की दात शिवशिवायचे. मंदा म्हणाली, "खोलीत सगळीकडे फरशी आणि काच. आधी एक जाड पडदा लावा." पण पडद्याने प्रश्न सुटला तर शौक कसला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा आमच्या पंथाचा नियमच आहे. मी ठरवलं की स्पीकर बदलायचे. पुस्तकांच्या कपाटात बसतील असे छोटेच, पण मऊ आवाजाचे.

मग महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायचे, वहीत टाचणं काढायची. बारीक आवाज काढणारा ट्वीटर धातूच्या घुमटीचा नको, कापडी घुमटीचा हवा. अॅम्प्लिफायरला झेपेल असा हवा. भिंतीला चिकटून ठेवला तरी घुमू नये. एखाद्या वधूपित्याने स्थळं पाहिली नसतील इतक्या बारकाईने मी ती खोकी पाहत होतो. शेवटी तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीलगत उधव्याला राहणारे परेशभाई मदतीला आले. ते जुनी-नवी यंत्रं दुरुस्त करतात, विकतात, आणि गिऱ्हाईक बोलण्यातलं असेल तर घरी आणून ऐकवतात. फोनवर माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "काका, तुमची सिस्टीम उजळ आहे नी, तिला स्पीकर सावळा पाहिजे. तिखट आमटीत आपण नारळाचं दूध घालतो की नाय? तसंच. मी तीन जोड्या घेऊन येतो, तुम्ही आरामसे ऐका."

त्याच सुमाराला आय आमच्याकडे राहायला आली. बंदरावरच्या ओल्या पायरीवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलेल्या हाताने बोंबील अडकवता येत नाहीत, आणि खळ्याच्या कडेला बसून दुसऱ्यांचं काम बघायची तिला सवय नाही. मंदाच हट्टाने तिला घेऊन आली. आय स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची आणि डाव्या हाताने लसूण सोलायची. रोज दुपारी गावाला फोन लावून खळ्यावरच्या बायकांची हजेरी घ्यायची. "काशीऽऽ, दोऱ्या ताणल्या का गे? त्या कोपऱ्यातला बांबू हलतोय, बघ जरा!" फोनची काही गरज नव्हती. दार उघडलं असतं तर काशीवहिनीला तसंच ऐकू गेलं असतं.

आणि मी दर पाच मिनिटांनी बाहेरून म्हणायचो, "आय, हळू." दिवसातून किती वेळा म्हणालो ते मोजलं नाही. मंदाने एकदा सांगून पाहिलं, "त्यांचा जन्म वाऱ्यात गेलाय. आता काय बदलणार?" मी नाकाने कांदे सोलत म्हणालो, "इमारतीत चार लोक राहतात." चार लोकांपैकी एकानेही कधी तक्रार केली नव्हती.

परेशभाई आले ती दुपार मला मिनिटामिनिटाने आठवते. मंदा शाळेत गेली होती. आय आत, स्वयंपाकघरात. दाराला नुसता पातळ पडदा. परेशभाईंनी खोकी उघडली आणि पहिली जोडी लावली. दणदणीत. तबला ऐकताना कोणीतरी पत्र्यावर नारळ टाकतंय असं वाटलं. दुसरी जोडी गोड होती, पण सगळं कांबळ्याआडून आल्यासारखं, बासरीतला श्वास गायब. परेशभाई म्हणाले, "काका, तयार गाण्यांवर फसायला होतं. तुमच्या ओळखीचा आवाज लावा. माणूस आपल्याला माहीत असला ना, की स्पीकर खोटं बोलला तर लगेच पकडता येतं."

माझ्याकडे असा आवाज होता. मुलीच्या हळदीला बायकांनी गाणी म्हटली होती, ती मी चांगल्या रेकॉर्डरवर टिपून ठेवली होती. वाद्य नाही, माईक नाही. आमच्याकडे एक बाई पुढची ओळ टाकते आणि बाकीच्या ती झेलतात. पुढची ओळ टाकणारी अर्थातच आय. आळीतल्या कोणत्याही हळदीला तिच्याशिवाय सुरुवात होत नाही. बोलावणं करायला येणारे आधी तिच्या घरी येतात आणि मग भटजीकडे जातात.

मी ते लावलं. दुसऱ्या जोडीवरसुद्धा आयचा आवाज कांबळं फाडून बाहेर आला. परेशभाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "काका, बाकी सगळ्या बाया बरोबर. ही एक आहे नी, पुढे गाणारी, ती कानात टाचणी मारते. तुमचा प्रॉब्लेम हाच आहे. कोण आहे ही बाई?"

एवढा साधा प्रश्न. दोन अक्षरांचं उत्तर. पण परेशभाईंचा चेहरा असा वाकडा झाला होता, टोचल्यासारखा, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं ज्या चेहऱ्यांना मी भीत आलो तोच तो चेहरा होता. मी म्हणालो, "आहे कोणी गावातली म्हातारी."

त्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी आणखी म्हणालो, "तिला सवयच आहे ओरडायची."

परेशभाई हसले. "चला, मग तिला जरा मागे बसवू." त्यांनी तिसरी जोडी लावली. तपकिरी लाकडाची, देखणी. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आणि काय सांगू, कमाल झाली. बायकांचा मेळ एकसंध आला, बांगड्या अलगद वाजल्या, मागे कुठेतरी मुलीचं खुदकन हसणं आलं, आणि आयचा आवाज सगळ्यांच्या पाठीमागे, दाराशी बसून कोणी गुणगुणावं तसा. टोचणं संपलं. परेशभाई टाळी देत म्हणाले, "बसली की नाय मागे?" मी ती टाळी घेतली. मोठ्याने हसलो. मला खरंच आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आतून लसणाचा आवाज येत नव्हता. लसूण सोलताना पाकळी ताटलीत पडते तो बारीक टण्ण आवाज. तो बऱ्याच वेळापासून येत नव्हता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कानांचा एवढा तोरा मिरवणाऱ्याला ते ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने पडदा हलला आणि आय चहा घेऊन आली. एक हात प्लास्टरमध्ये, म्हणून एक कप आणून परेशभाईंपुढे ठेवला, परत आत गेली आणि माझा कप घेऊन आली. मी उठलो नाही. उठून आत गेलो असतो तर तिचं तोंड बघावं लागलं असतं. परेशभाई मोठे अगत्याचे. "आजी, बसा नी. सांगा, कसा वाटतो आवाज?"

आयने त्या तपकिरी खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, "छान हाय. टोचत नाय."

ते तिने हळू म्हटलं. इतकं हळू की परेशभाईंना पुढे वाकावं लागलं. साठीला आलेल्या मला आयचा तो आवाज माहीत नव्हता. ज्या बाईबद्दल आम्ही बोलत होतो ती हीच, हे परेशभाईंना कळण्याचा काही मार्ग उरला नव्हता. तिसरी जोडी मी ठेवून घेतली, आणि ते बदल्यात माझी जुनी जोडी गाडीत घालून, मला शुभेच्छा देऊन निघून गेले.

त्या दिवसानंतर आय आमच्या घरात हळूच बोलली. फोनवरसुद्धा. तोंडावर पदर धरून, भिंतीकडे तोंड करून. पलीकडून काशीवहिनी "काय? काय गे?" करत राहायची आणि आय फोन ठेवून द्यायची. मला बरं वाटलं. पहिले चार-पाच दिवस मला फार बरं वाटलं. घर शांत, नवे स्पीकर, बासरीतला श्वास. तिने काही ऐकलं नसेल, ऐकलं तरी समजलं नसेल, समजलं तरी मनावर घेतलं नसेल अशा तीन पायऱ्या मी स्वतःसाठी बांधून घेतल्या होत्या आणि त्यांच्यावर आरामात बसलो होतो.

मंदाला मात्र घरात पाऊल टाकताच चुकल्यासारखं झालं. "आईंचा घसा बसलाय का? डॉक्टरांना दाखवू या." मी म्हणालो, "हवा बदललीय." मंदाने आयलाच विचारलं. आय म्हणाली, "घसा बरा हाय माझा." तेही हळूच.

प्लास्टर काढलं त्याच दिवशी आय गावाला निघाली. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस जड काम नको म्हणून सांगितलं होतं. मंदाने खूप थांबवलं. आय पिशवी भरत म्हणाली, "बोंबील वाट बघत नाय, पोरी." मी रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. तिने माझ्या गालाला हात लावला, नेहमीसारखाच. रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. शिव्यांच्या बाबतीत तिचा हात आळीत कोणी धरत नाही. पण तिने मला एक शिवी घातली नाही.

नंतरच्या दिवसांत मी ते हळदीचं गाणं पुष्कळदा लावलं. आवाज वाढवून पाहिला, स्पीकर भिंतीपासून ओढले, आत वळवले, बाहेर वळवले. सगळ्या बायका पुढे यायच्या, आय तिथेच दाराशी. इतके समजूतदार स्पीकर मी पाहिले नाहीत. मी जे मागितलं होतं ते त्यांनी चोख दिलं होतं.

एक दिवस न राहवून उधव्याला गेलो. तलासरी सोडली की भाताची कापणी चालली होती, खाचरांत पेंढ्या आडव्या पडल्या होत्या, ताडांना मडकी लागली होती. परेशभाईंना म्हणालो, "माझी ती जुनी जोडी आहे का अजून?" ते म्हणाले, "नाय काका, ती तर गेली. पण आता का? ती टोचत होती नी?" आता तरी सांगायचं होतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. ती म्हातारी माझी आय होती, आणि तुम्हाला चहा तिनेच दिला. मी म्हणालो, "सहज विचारलं." चहा प्यायलो आणि परत आलो. माणूस एकदा खोटं बोलला की त्यातच मुक्काम करतो, असा माझा तरी अनुभव आहे.

वर्षभर मी चिखल्याला जात राहिलो. बहुतेक संध्याकाळचा, घरी. आय तशीच हळू. मी हळूहळू स्वतःची समजूत घातली की वय झालं, ऐंशीकडे चाललीय, आवाज खालावणारच. ही समजूत फार सोयीची होती. वयाला कोणी दोष देत नाही. मंदाला मी तेच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

आणि परवा, हा वास पुन्हा घरात आला तेव्हा, मी खिडकी न लावता बोर्डीच्या बसमध्ये बसलो. भर दुपारी. चिखल्याला उतरलो आणि घराकडे न वळता सुरूंमधून सरळ खळ्याकडे निघालो. नोकरी लागल्यापासून दिवसाउजेडी खळ्यावर मी क्वचितच गेलो असेन. मनाशी वाक्यं जुळवत होतो. आय, त्या दिवशी मी जे बोललो ते. त्यापुढे वाक्य जात नव्हतं.

सुरू अजून संपले नव्हते, एवढ्यात तो आवाज आला. "अगेऽऽ, ती दोरी सुटली, धर नाऽऽ!" उंच, बारीक, धारदार. वाऱ्याला कापत आला. तसूभरही खालावला नव्हता. मी जागच्या जागी उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. वाळू गेली असंही म्हणता येणार नाही, कारण वारा समोरून नव्हता. आयचा आवाज शाबूत होता. खळ्यावर होता, आळीत होता, हळदीला असेल. फक्त माझ्यापुरता तो वर्षभर बंद होता.

मी जवळजवळ धावतच पुढे झालो. सात-आठ बायका काम करत होत्या. हसणं, ओरडणं, कोणाची तरी टिंगल चाललेली. एकीने मला पाहिलं आणि आयला काहीतरी खुणावलं. आयने वळून बघितलं. मग तिने दोन्ही हात खाली-वर करून सगळ्यांना खूण केली, आणि सगळं खळं गप्प झालं. बायकांची तोंडं हलत होती, हात चालत होते, पण बोलणं कुजबुजीवर आलं. आजारी माणूस निजलेल्या घरात बोलतात तसं.

काशीवहिनी टोपली घेऊन माझ्या बाजूने चालली होती. मी तिला विचारलं, "वहिनी, काय झालं? गप्प का झालात सगळ्या?" ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे मायेने पाहत, अगदी सांभाळून म्हणाली, "काकींनी सांगितलंय ना आम्हाला. दामूचे कान दुखणाईत झालेत, मोठं बोललं की टोचतं त्याला. तो आला की कोणी ओरडायचं नाय. काकी तर घरात पातेलंसुद्धा हळू ठेवतात तू असलास की." मग आणखी जवळ येऊन, "बरं नाय का वाटलं अजून? एवढ्या मोठ्या डॉक्टरांकडून नाय होत?"

म्हणजे आयने आळीला हे सांगितलं होतं. दामू मला नाकारतो, माझी लाज बाळगतो, परक्यापुढे मला गावातली म्हातारी म्हणतो, यातलं एक अक्षर तिने बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याऐवजी तिने मला एक दुखणं दिलं होतं. आजारी मुलाला कोणी नावं ठेवत नाही. आणि गंमत म्हणजे ती त्या दुखण्याची सेवाही करत होती, वर्षभर, पातेलं हळू ठेवून.

माझे कान धडधाकट आहेत असं काशीवहिनीला सांगायला मी तोंड उघडलं. पण ते सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं. मग टोचतं काय? कोण टोचतं? मी तोंड मिटलं. वहिनीला ते दुखण्यापायीच वाटलं असणार, कारण तिने हळहळत मान हलवली.

एव्हाना आय वलांडीखालून वाकून माझ्यापर्यंत आली होती. माझ्यासमोर उभी राहून तिने काहीतरी विचारलं. ओठ हलले. वारा भरात होता, डोक्यावर बोंबील एकमेकांवर आपटत होते, आणि तिचा तो हळू आवाज तिच्या तोंडापासून हातभर पोचण्याआधीच उडून गेला. मला ऐकू आलं नाही.

"काय, आय?"

तिने पुन्हा विचारलं, तितकंच हळू. मला पुन्हा ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल ना."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बिचाऱ्याला आता ऐकूही येईनासं झालं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर सरळ दिसत होतं. आयलाही ते दिसलं. तिने हात पदराला पुसले, टाचा उंचावल्या, माझं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि माझ्या कानाला तोंड लावून, एकेक शब्द सुटा करत, हलकेच म्हणाली, "जेवलास काय?"

मी म्हणालो, "आलं ऐकू, आय." आणि तिच्या खांद्यावर तसाच वाकून राहिलो, जरा जास्त वेळ.